मागाचा खड्डा, कूलरच्या ताट्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात माझ्या कामावर एक लहानसा लेख आला होता. आजूबाजूचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यांच्यातूनच रचना उभी करायची, हे काम मी नागपुरात राहून गेली तीसेक वर्षं करते आहे. लेखावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडे पाठवला. सगळ्या पत्रांना इथं उत्तरं देता येणार नाहीत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि ज्यांनी मला दोन-चार दिवस सोडलं नाही असे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : कूलरच्या आवाजावर तुम्ही अठरा मिनिटांची रचना केली, असं लेखात वाचलं. आम्ही नागपूरकर हा आवाज दरवर्षी चार महिने ऐकतो, तोही नाइलाजानं. यात संगीत कुठं आलं? (निवृत्त शिक्षक, धंतोली)

सर, चार महिने तुम्ही कूलर लावता, पण ऐकता पहिले दोन दिवसच. नंतर कान त्याला सोडून देतो. माझं काम तिथूनच सुरू होतं.

मार्चच्या शेवटी सज्जावरून कूलर खाली येतो, गवताच्या जुन्या ताट्या निघतात, नव्या बसतात. पंप सुरू केला की पाणी लगेच खाली पडत नाही. कोरडं गवत आधी ते पिऊन घेतं. त्या वेळी फार बारीक, चुरचुरणारा आवाज येतो, तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत तसा, पण त्याहून मऊ. मग एखादा थेंब टाकीच्या पत्र्यावर पडतो. मग दुसरा. पाच-सात मिनिटांत थेंबांची धार होते आणि तो आवाज पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा येत नाही, कारण गवत पहिल्यांदा एकदाच भिजतं. सलग तीन उन्हाळे मी या पाच-सात मिनिटांसाठी शेजाऱ्यांच्या ताट्या बदलायच्या दिवशी माइक घेऊन हजर राहिले.

आता सुराचं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. मोटर त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 आवर्तनांवर घुमते. पेटीवर धरून पाहा, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पांढरी पाचच्या किंचित वर तो सूर सापडेल. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मरही तिथंच घुमतो. म्हणजे आख्खी गल्ली एकाच षड्जात लावलेली आहे. पंख्यांचं मात्र तसं नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाला, पाती धुळीनं जड झाली, की प्रत्येक पंखा आपापल्या गतीनं फिरतो. रात्री गच्चीवर उभं राहिलं की चार घरांचे चार पंखे एकमेकांत मिसळून आवाज डोलायला लागतो, दोन तानपुरे अगदी थोडे बेसूर असले की डोलतात तसा.

रचनेत मी बाहेरचं काहीही घातलं नाही. सुरुवात कोरड्या गवतापासून आहे. मधोमध, साधारण अकराव्या मिनिटाला, लाइन जाते. मे महिन्यात रात्री दीड वाजता लाइन गेली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. गल्लीतले सगळे कूलर एकदम उतरत जातात, पाती थांबेपर्यंतची ती घरंगळ, आणि मग इतके दिवस त्या घुमण्याखाली दबलेलं सगळं वर येतं. खाटेची करकर, रांजणावरचं झाकण, लांब कुठं टिटवी, आणि "लाइन गेली का हो तुमच्याकडं?" असं विचारणारी एक बाई. ती बाई माझ्या शेजारी राहते. तिला विचारूनच तो आवाज ठेवला आहे. त्या शांततेत मी दोन मिनिटं काहीच केलेलं नाही, आणि अठरा मिनिटांत मला सगळ्यात मोलाची वाटतात ती हीच दोन मिनिटं.

प्रश्न : तुमच्या घरात गाणं होतं का? लयीचं शिक्षण कुणाकडं झालं? (तबलावादक, महाल)

गाणं नव्हतं, माग होता. आम्ही तांडापेठेतले विणकर. बाबा खड्डामागावर साडी विणायचे. पाय खड्ड्यात, पावड्यांवर, बसायची जागा जमिनीच्या पातळीवर. पावडी दाबली की ताण्याचे धागे उघडतात, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं जातो, फणी पुढं येऊन धागा ठोकते. पावडी, धोटा, फणी. तीन आवाज, पण तीन सारख्या मात्रा नव्हेत. धोट्याची मात्रा जरा लांबते, विशेषतः काठाजवळ, आणि फणी सम गाठते. मी पाळण्यात असल्यापासून हे ऐकलं. पुढं पेटी शिकले, विशारदपर्यंत परीक्षा दिल्या. गुरुजी म्हणायचे, तुझी सम कधी चुकत नाही, पण मधलं सगळं ओढल्यासारखं येतं. ते ओढणं कुठून येत होतं ते मला खूप उशिरा कळलं.

पदरावर नक्षी असली की बाबांची लय मोडायची, ते थांबून धागे मोजायचे, आणि त्या थांबण्यात आईचं जातं किंवा रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायचा. लाइन गेल्यावरची दोन मिनिटं मला सुचली ती बहुधा याच घरात.

प्रश्न : मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली. थंडीत पहाटे इंजिनाचा हॉर्न अजनीपासून पार प्रतापनगरपर्यंत येतो आणि दुपारी हाकेच्या अंतरावर येत नाही. असं का? आणि आमच्या छोट्या गाडीचा आवाज तुमच्याकडं आहे का? (अजनी)

आधी हॉर्नचं. गरम हवेत आवाज जलद पळतो. 0 अंशाला सेकंदाला 331 मीटर, तर 45 अंशाच्या आपल्या दुपारी 358 च्या आसपास. मेच्या दुपारी जमीन तापलेली, वरची हवा त्या मानानं थंड. म्हणून आवाज वरच्या बाजूला वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. डिसेंबरच्या पहाटे उलटं असतं. जमिनीलगतची हवा गार पडलेली, वरची तिच्याहून उबदार. मग वर गेलेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि तीन-चार किलोमीटरवरच्या अंथरुणात पोचतो. त्यात वाहनं बंद असतात, म्हणून तो झाकलाही जात नाही. लांबचे आवाज घ्यायचे असले की मी डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारला उठते, ते याचसाठी.

छोट्या गाडीचा आवाज आहे, काका. इतवारी-नागभीड नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली, रुंदीकरणासाठी. त्याच्या आदल्या वर्षी मी पाच वेळा त्या गाडीनं गेले. रुळांचे तुकडे फिशप्लेटनं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, जोडलेले, त्यामुळं प्रत्येक जोडावर चाकाचा ठोका. नव्या मार्गांवर रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात, तिथं हा ठोका जवळजवळ नाहीसाच होतो. गाडीचा ठेका म्हणून आपण मुलांना जो तोंडानं करून दाखवतो, तो जोडांचा ठेका आहे. आजच्या मुलानं तो गाडीत फारसा ऐकलेलाच नसतो.

खिडकीच्या गजाला मी एक चिकटणारा माइक लावला होता. तो हवेतला आवाज घेत नाही, फक्त लोखंडातली थरथर घेतो. उमरेडच्या अलीकडं एक आजी चढल्या, त्यांनी त्याच गजाला पिशवी अडकवली, आणि पुढचा सगळा प्रवास पिशवीतल्या स्टीलच्या डब्यासकट माझ्याकडं आहे. आधी वाटलं, ध्वनिमुद्रण वाया गेलं. आज तोच भाग मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. तुम्हाला हवं असेल तर संपादकांकडं पेन ड्राइव्ह पाठवा, मी भरून देईन.

प्रश्न : जगात असं काम कुणी सुरू केलं? तुम्ही कुणाला मानता? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सिव्हिल लाइन्स)

1948 साली पॅरिसमध्ये पिअर शेफर नावाच्या रेडिओ अभियंत्यानं बातिन्योल स्थानकातल्या इंजिनांचे आवाज घेतले आणि त्यांच्यापासून एक छोटी रचना केली. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात रेडिओवर वाजली. तेव्हा त्यांच्याकडं टेपसुद्धा नव्हती, तबकड्यांवर काम. तबकडीतली खाच गोल बंद केली की सुई तिथंच फिरत राहते आणि एकच आवाज पुन्हा पुन्हा येतो. त्यांनी ही युक्ती वाद्यासारखी वापरली. त्यांचं म्हणणं असं, की आवाज कशाचा आहे हे विसरून तो नुसता आवाज म्हणून ऐका.

मी त्यांना मोठं मानते, पण इथं माझं त्यांच्याशी पटत नाही. फणीचा आवाज फणीचा आहे हे मी विसरू शकत नाही, आणि विसरायचंही नाही.

मला जवळची वाटते ती संगीतकार हिल्डेगार्ड वेस्टरकांप. जन्म जर्मनीतला, 1946 चा. 1968 मध्ये ती कॅनडाला गेली. व्हँकूव्हरमध्ये संगीतकार मरे शेफर (हे वेगळे शेफर) आणि त्यांचे सहकारी शहरांच्या ध्वनिपरिसराचा अभ्यास करत होते, त्यांच्यात ती सामील झाली. नुसतं ऐकत चालायचं, बोलायचं नाही, हा तिचा रियाज. 1992 मध्ये तिनं दिल्लीत कार्यशाळा घेतली, आणि भारतातल्या आवाजांवर पुढं बऱ्याच रचना केल्या. 1989 ची तिची एक रचना व्हँकूव्हरच्या किट्स बीचवरची आहे. दगडांना चिकटलेल्या बारीक शिंपल्यांसारख्या जिवांची टिकटिक ती ऐकवते, मागं शहराची गरगर आहे. आणि ती बोलता बोलता सांगते, की ही गरगर आपण स्टुडिओत काढून टाकू शकतो, आणि खरंच काढून दाखवते. ऐकणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते ती लपवत नाही. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हेडफोन काढून बराच वेळ नुसती बसले होते. तोवर मी माझ्या ध्वनिमुद्रणांतून वाहनं चोरून काढत होते आणि ऐकणाऱ्यांना अंबाझरी तलाव निवांत आहे असं सांगत होते. तेव्हापासून ते बंद केलं. अंबाझरीवर मागून वाहतूक येते, तर माझ्या अंबाझरीतही येते.

प्रश्न : मोबाइलवर सुरुवात करता येईल का? (अनेकांनी विचारलं)

नक्की येईल. फ्लाइट मोडवर टाका. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय ॲपमध्ये बंद करा, नाहीतर शांततेत तुमचा फोन स्वतःच ओरडायला लागतो. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारातली, ठेवा. वाऱ्याकडं पाठ करा, माइकवर लोकरीचा मोजा चढवा. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा स्वतःच्या तोंडानं बोला. माझ्याकडं सुरुवातीच्या चाळीसेक कॅसेट आहेत ज्यांच्यावर "पाऊस, छान" एवढंच लिहिलेलं आहे. कुठला पाऊस, कुठलं छप्पर, आता कोण सांगणार?

पहिला आवाज म्हणून तांबट पक्षी घ्या. मार्च-एप्रिलमध्ये सेमिनरी हिल्सवर तासन्‌तास ठोकत असतो, एका लयीत, चोच न उघडता, गळा फुगवून. मान इकडंतिकडं फिरवतो म्हणून आवाज कुठून येतो ते पटकन सापडत नाही. तो सापडेपर्यंत फोन खिशातून काढू नका. आणि कुठल्याही पक्ष्याला त्याचाच आवाज वाजवून बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा नर आला, आणि विणीच्या दिवसांत त्याची सगळी धावपळ फुकट जाते.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. अभ्यास सोडून दिवसभर हेडफोन घालून कळमन्याच्या बाजारात, कुठं कुठं फिरतो, रेकॉर्ड करतो. यात पोट भरतं का? मला रात्री झोप लागत नाही. (एक आई, मानेवाडा)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरं तेच सांगते. नुसत्या रचनांवर माझं घर एक वर्षही चाललेलं नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी पेटीच्या शिकवण्या केल्या. नाटकांचं पार्श्वसंगीत केलं, माहितीपटांसाठी जंगलात जाऊन आवाज आणले, संग्रहालयांच्या दालनांसाठी आवाज बसवले. आज हीच कामं जास्त आहेत, कारण चित्रपट, मालिका, खेळ, सगळ्यांना आवाज लागतो आणि तो नीट घेणारी माणसं कमी आहेत. म्हणून त्याला शिक्षण सोडू देऊ नका, पण हेडफोनही काढून घेऊ नका. ध्वनिमुद्रण, संकलन, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, एवढं त्यानं रीतसर शिकावं. माइकची वायर स्वतः डागता आली तरी निम्मं काम वाचतं.

एक गोष्ट त्याला आतापासून शिकवा. लेखी घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही. मी एकदा दिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ढोल, बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि हजारो गळ्यांतून "घेऊन जा गे मारबत". मी सहा वर्षं ती मिरवणूक घेतली, गर्दीत, एकाच कोपऱ्यावर उभं राहून. एका जाहिरातवाल्यानं "फक्त ऐकायला" म्हणून फाइल मागितली. वर्षभरानं तो ढोल मी टीव्हीवर ऐकला, कुठल्याशा भलत्याच सणाच्या चित्रांखाली, कशाच्या तरी विक्रीसाठी. गळे पुसून टाकले होते. पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण ज्या पोरांनी माझ्याशी बोलून, मला कोपऱ्यावर जागा करून देऊन तो आवाज घेऊ दिला, त्यांच्यासमोर पुढच्या वर्षी मी कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? गेले, आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मलाच चहा पाजला.

कळमन्यात संत्र्यांचा लिलाव चालतो तिथं तो जातो का, विचारा त्याला. ओतलेल्या संत्र्यांचा ढीग घसरताना एक फार गोल आवाज येतो. त्याच्याकडं तो असेल तर मला ऐकायला आवडेल.

प्रश्न : दीक्षाभूमीवरही तुम्ही ध्वनिमुद्रण केलं, असं कळलं. श्रद्धेच्या ठिकाणी माइक नेणं योग्य आहे का? (वाचक, लक्ष्मीनगर)

विचारल्याशिवाय नाही. विचारूनही कुणाच्या प्रार्थनेच्या तोंडाशी नाही. अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, कितीतरी जण आदल्या रात्रीपासून. मी पहाटे साडेतीन ते सूर्योदय एवढाच वेळ घेतला, आणि माइक जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला. त्यात पावलंच आहेत. चपला, अनवाणी पाय, लहान मुलाला ओढत नेणारी जलद पावलं, म्हाताऱ्यांच्या काठ्या, आणि पुस्तकांच्या दुकानांशी येऊन थांबणारी पावलं. इतकी पावलं पुस्तकांपाशी थांबताना मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाहीत. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला याच मैदानात दीक्षा दिली. तिथं मोठ्या आवाजात सांगायला पुष्कळ माणसं आहेत, मला पावलं पुरली.

प्रश्न : घ्यायचा राहून गेला असा एखादा आवाज? (गृहिणी, गोळीबार चौक)

दोन. एक एम्प्रेस मिलचा भोंगा. ती मिल 1877 ची, आणि आमच्याकडं घड्याळ नव्हतं तेव्हा आई भोंग्यावर भात लावायची. आता तिथं मॉल आहे.

दुसरा बाबांचा माग. 1985 मध्ये तो मोडला, लाकूड विकलं, खड्डा बुजवला. माझा पहिला कॅसेट रेकॉर्डर आला 1987 मध्ये. पुढं मी बऱ्याच विणकरांकडं गेले. माग तेच, धोटा तोच, पण आवाज तो नव्हे. का ते कळायला वर्षं गेली. सगळीकडं खाली सिमेंट किंवा फरशी आली होती. आमच्या घरात शेणानं सारवलेली जमीन होती, आणि फणीचा ठोका खड्ड्याच्या मातीत जाऊन मुरायचा. लाकडाचा म्हणून मी जो आवाज शोधत होते, त्यात निम्मी माती होती.

गेल्या हिवाळ्यात पवनीला एक आजोबा भेटले. मातीची जमीन, खड्डामाग, तीन दिवसांपासून एकच लुगडं चढवलेलं. मी दारापाशी माइक उभा केला, कारण लहानपणी मी बाबांना दारात बसूनच ऐकलं होतं. अर्धा तास झाला. आवाज पुष्कळ जवळ आला होता, पण तोच म्हणावा असा नव्हता. आजोबांनी माग थांबवला आणि म्हणाले, "बाई, तिथून काय आयकून राहिल्या जी? आमाले तं पायातच आयकू येते. उतरा ना खाली."

ते बाजूला झाले. मी खड्ड्यात उतरले, पाय पावड्यांवर ठेवले. माती गार होती. त्यांनी वरून हात घालून फणी एकदा ओढली, आणि ठोका गुडघ्यापर्यंत आला. मग मी वर येऊन माइक स्टँडवरून काढला आणि तो त्यांच्या पायांपाशी, मातीवर आडवा ठेवला.